शिक्षा भोगून आल्यावर हक्क परत कसे मागायचे: माझ्या हिरव्या फाईलमधून

येरवड्याच्या दारातून मी बाहेर पडलो ती तारीख १९ मार्च २०१३. बायकोला वाटतं मला ती आनंदाने पाठ आहे. खरं कारण वेगळं. पुढची सहा-सात वर्षं ज्या ज्या टेबलापुढे उभा राहिलो, तिथे तीच विचारली गेली. मतदार यादी, पासपोर्ट, ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज, बंदुकीचा परवाना. चारही ठिकाणी तारखेवर बोट ठेवलं आणि चारही ठिकाणी हिशेब निराळा निघाला.

मी वकील नाही. उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजच्या बाजूला माझी शेती आहे. ज्वारी, तूर, दीड एकर द्राक्ष. पण माझी फाईल पूर्ण आहे, म्हणून आसपास कुणी सुटून आलं की चहाला आमच्याकडे येतं. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा लिहून काढतोय. तुमचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकील लागेलच. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले कैदी आणि कमी उत्पन्नाचे लोक ह्यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. लाज वाटून घेऊ नका. मी तीन वर्षं लाजलो आणि तेवढ्यात एका एजंटाने बारा हजार खाल्ले.

माझं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. २००४ चा जून, पेरणीचे दिवस, बांधावरून चुलतभावाशी भांडण. माझ्या हातात कुऱ्हाड होती. दांडा लागला की पातं, ह्यावर कोर्टात पाच वर्षं गेली. त्याचं उजवं मनगट मोडलं ते कायमचं वाकडं राहिलं, ह्यावर मात्र वाद नव्हता. भारतीय दंड विधानाचं कलम ३२६, धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत. आता नव्या न्याय संहितेत तेच ११८(२) आहे. २००९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीन वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार दंड ठोठावला. अपिलात सत्र न्यायालयाने दोष कायम ठेवला, शिक्षा दोन वर्षांवर आणली. १६ ऑगस्ट २०११ ला हजर झालो, आधी सोलापूर, मग येरवडा.

घरात वडिलांपासून आलेली बारा बोअरची एकनळी होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. त्या भांडणात ती कुठेच नव्हती, भिंतीला टांगलेली होती. तरी गुन्हा दाखल झाला त्याच आठवड्यात ठाण्यात जमा करावी लागली.

कागद आणि तारखा

घरी आल्यावर पाहुणे, देवदर्शन, सिद्धेश्वराला नारळ, सगळं होऊ द्या. मग पहिल्या महिन्यातच कोर्टाच्या नक्कल विभागात जा. तुमच्या खटल्याचा नंबर लागेल, आर.सी.सी. अमुक ऑब्लिक अमुक. आठवत नसेल तर ई-कोर्टच्या साईटवर नावाने सापडतं, जुनं असलं तर रेकॉर्ड रूमला विचारावं लागतं. नक्कल अर्ज भरून खालच्या कोर्टाचं निकालपत्र आणि अपिलाचं निकालपत्र, दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या. एकेक नाही, तीन-तीन. एका कार्यालयात माझी नक्कल फाईलसकट गहाळ झाली आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही दिली होती कशावरून?" तेव्हापासून मी आवक-जावकचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टाचणीसुद्धा देत नाही.

दुसरा कागद तुरुंगाचा सुटकेचा दाखला. त्यात शिक्षा किती, कच्च्या कैदेचे म्हणजे निकालाआधी आत काढलेले किती दिवस वजा, माफी किती दिवसांची, सुटका कधी, हे सगळं असतं. तिसरा दंड भरल्याची पावती. बरेच जण ही पावती फेकून देतात. दंड भरला नसेल तर त्याच्याबदल्यातली कैद डोक्यावर असते आणि शिक्षा पूर्ण झाली असं म्हणता येत नाही.

आता तारखा. ह्यातच लोक चुकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. एका शिक्षेला चार तारखा असतात. दोषी ठरलो ती, अपिलाचा निकाल लागला ती, प्रत्यक्ष बाहेर आलो ती, आणि माफी धरली नसती तर शिक्षा जिथे संपली असती ती. माझी दोन वर्षं १५ ऑगस्ट २०१३ ला भरत होती. आधीचे अडतीस दिवस कच्च्या कैदेचे वजा होऊन ८ जुलै २०१३. चांगल्या वागणुकीची आणि कामाची माफी मिळून बाहेर आलो १९ मार्चला. ह्या मधल्या साडेतीन महिन्यांनी मला पुढे फार छळलं.

आत असताना सगळ्यांना वाटतं की माफी मिळाली म्हणजे शिक्षाच तेवढी कमी झाली. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगून ठेवलंय की सरकारने माफी दिल्याने आतले दिवस कमी होतात, कोर्टाने दिलेली शिक्षा कमी होत नाही. ती अपिलातच कमी होऊ शकते. म्हणजे तीन वर्षांची शिक्षा झालेला माणूस माफी घेऊन पावणेदोन वर्षांत आला, तरी निवडणूक कायद्याच्या लेखी तो तीन वर्षांवालाच.

मत: हे कुणाकडे मागायचं नसतं

आमच्या बॅरेकमधल्या निम्म्या लोकांना वाटायचं की आपला मताचा हक्क कायमचा गेला. अजिबात नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ६२(५) एवढंच म्हणतं की तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत आहे तोवर मत देता येत नाही. बाहेर आलात, हक्क आला. जामिनावर बाहेर असलात तरी मत देता येतं. अपवाद निवडणुकीतल्या गुन्ह्यांचा. मतासाठी पैसे वाटणं, तोतया मतदान, दबाव, असल्या प्रकरणात दोषी ठरलात तर सहा वर्षं मतदानही बंद.

अडचण कायद्याची नसते, यादीची असते. दोन वर्षं माणूस घरी दिसला नाही की नाव गळतं. माझं गळलं होतं, बायकोचं शाबूत होतं. कुणी काढलं ह्याच्या मागे लागू नका, सरळ नमुना ६ भरा. नाव आहे पण पत्ता किंवा स्पेलिंग चुकलंय तर नमुना ८. गावातल्या बी.एल.ओ.कडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे द्या नाहीतर ऑनलाईन करा, अडलं तर १९५० ला फोन. नाकारलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. माझं पहिल्या फटक्यात झालं. २०१४ च्या लोकसभेला शाळेत रांगेत उभा होतो, पुढे चार माणसं सोडून चुलतभाऊ. बोटाला शाई लावून घेताना त्याने डावा हात पुढे केला. डावाच करतात सगळे, पण मला त्या दिवशी उजवाच दिसत होता.

उमेदवारी: दोन वर्षं, सहा महिने

मत देणं आणि मत मागणं ह्यात फार अंतर आहे.

आमदारकी-खासदारकीचं गणित असं: कुठल्याही गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र, आणि सुटल्यानंतर आणखी सहा वर्षं. काही गुन्ह्यांची वेगळी यादी त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(१) मध्ये आहे, तिथे नुसता दंड झाला तरी सहा वर्षं जातात. माझी शिक्षा अपिलात तीनाची दोन झाली म्हणून आम्ही पेढे वाटले होते. एका दिवसाने कमी झाली असती तर ही अपात्रताच लागली नसती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. राहुल गांधींच्या प्रकरणात हेच झालं. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टाने नेमकी दोन वर्षं दिली आणि दुसऱ्या दिवशी अधिसूचना निघाली, पण खासदारकी दोषी ठरल्या दिवसापासूनच गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा परत आली.

ह्यातून आपल्यासारख्याने घ्यायचं ते हे. अपील चालू असेल तर वकिलाला दोन गोष्टी वेगवेगळ्या मागायला सांगा. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुम्ही जामिनावर बाहेर. दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे अपात्रताही थांबली. पहिली सहज मिळते, दुसरी क्वचित, आणि नुसत्या पहिलीवर उमेदवारी अर्ज टिकत नाही. अपील शेवटाला आलं असेल तर शिक्षेच्या आकड्यावरही भांडा. "साहेब, कमी करा" असं मोघम नको. दोन वर्षांच्या खाली, जमलं तर सहा महिन्यांच्या खाली.

सहा महिने का? ग्रामपंचायत. आमच्याकडे खरी निवडणूक तीच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार सहा महिने किंवा जास्त कैद झाली तर सुटल्यापासून पाच वर्षं सदस्य होता येत नाही. दारूबंदी कायद्यात किंवा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षं, मग कैद झाली असो वा नसो. हातभट्टीच्या केसमध्ये दंड भरून सुटलेल्या दोघांचे अर्ज मी डोळ्यांसमोर बाद होताना पाहिलेत. त्यांना वाटलं होतं दंड म्हणजे काहीच नाही. ही मुदत राज्य सरकार एखाद्या प्रकरणात कमी करू शकतं असं त्याच कलमात लिहिलंय. गावात ते कुणाला माहीत नसतं.

वरच्या निवडणुकांसाठीही तशी एक खिडकी आहे. निवडणूक आयोग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ११ खाली अपात्रता कमी करू शकतो. सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग ह्यांची सहा वर्षं २०१९ मध्ये एक वर्ष एक महिन्यावर आली ती अशीच. तुमच्या-माझ्यासाठी ही खिडकी कितपत उघडेल ह्यावर माझं मत न लिहिलेलं बरं.

कारखाना, सोसायटी, बाजार समिती, महापालिका, प्रत्येकाचा कायदा वेगळा. ग्रामपंचायतीचा हिशेब सोसायटीला लावू नका. अर्ज भरण्याआधी त्या त्या निवडणूक अधिकाऱ्याला लेखी विचारा. आणि प्रतिज्ञापत्रात जुनी शिक्षा लिहाच. विरोधकाकडे तुमच्या निकालपत्राची नक्कल तुमच्याआधी पोचलेली असते.

पासपोर्ट आणि नोकरी

पासपोर्ट मला जावयामुळे लागला, तो मस्कतला आहे. पासपोर्ट कायद्यात नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे लबाडी-नीचपणाच्या, गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर अर्जाच्या आधीची पाच वर्षं बघतात. ही पाच वर्षं दोषी ठरल्यापासून मोजायची, सुटल्यापासून नाही. बांधावरची मारामारी हे नैतिक अधःपतन आहे का, ह्यावर दोन वकिलांची तीन मतं पडली, म्हणून मी सरळ २०१७ पर्यंत थांबलो. अपिलाचा निकाल धरला तरी पाच वर्षं उलटलेली. अर्जात प्रश्न गेल्या पाच वर्षांचाच असतो, तिथे खरं उत्तर 'नाही'. चौकशीला पोलीस आले तेव्हा मीच दोन्ही निकालपत्रं पुढे केली. हवालदार म्हणाले, "आण्णा, तुम्हीच दाखवायलाव म्हटल्यावर आम्ही काय शोधायचं?"

शिक्षा नाही पण खटला चालू आहे, अशांना पासपोर्ट मिळत नाही असं सरसकट सांगितलं जातं. मिळतो. ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणावी लागते, १९९३ ची अधिसूचना आहे तशी. माहिती लपवली तर मात्र तो वेगळा गुन्हा.

नोकरीचं मी स्वतः केलेलं नाही, पुतण्याच्या पोलीस भरतीवरून शिकलो. कॉलेजच्या मारामारीत त्याच्यावर केस होती. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात लिहायची की नाही ह्यावर घरात आठवडाभर खल. मी म्हटलं, लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालात दोन्ही बाजू आहेत: किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य वापरावं, पण लपवणं हेच नोकरी घालवायला पुरेसं कारण होऊ शकतं. ज्यांचा खटला अजून चालू आहे आणि पहिलाच गुन्हा आहे, त्यांनी वकिलाला परिवीक्षा कायद्याबद्दल जरूर विचारावं. १९५८ च्या ह्या कायद्यात कोर्टाने समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं तर कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मला हे कळलं तेव्हा मी येरवड्यात गालिच्याच्या मागावर होतो. गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत असलेल्या मुलांनाही बाल न्याय कायद्याचं असंच संरक्षण आहे. सोळाच्या पुढच्या मुलाचा खटला गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा चालला असेल तर मात्र नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडे शिक्षेची नोंद पुसून टाकायचा सर्वसाधारण अर्ज नसतो. "रेकॉर्ड क्लिअर करून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दोष जातो तो वरच्या कोर्टात निर्दोष सुटून, किंवा राष्ट्रपती-राज्यपालांच्या पूर्ण क्षमादानाने.

नोंदीवरून आठवलं. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी काही जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवल्या होत्या, त्याचं हे नाव. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. तुरुंगात माझ्या शेजारच्या बिछान्यावरचा माणूस तिथला होता. म्हणायचा, "तुमच्यावर एक केस झाली तर तुम्ही नऊ वर्षं रडायलाव. आमच्या आज्याला हजेरी द्यावी लागायची, केस नसताना." मी गप्प बसलो होतो.

बंदूक

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त धोका, म्हणून इथे थांबून वाचा.

मूळ गोष्ट ही की मतासारखा हा हक्क नाही. शस्त्र परवाना सरकार देतं तेव्हा असतो, घेतं तेव्हा नसतो. माझ्या मेहुण्याचा मुलगा अमेरिकेत आहे. तिकडे बंदूक राज्यघटनेतच आहे. पण एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात माणूस दोषी ठरला की केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणं बंद, त्याला पाच-दहा वर्षांची मुदत नाही. मताचं मात्र प्रत्येक राज्याचं वेगळं, मेन आणि व्हरमाँटमध्ये तर तुरुंगातूनही मत देतात. आपलं बरोबर उलटं. इंटरनेटवर तिकडचे लेख वाचून इकडे अर्ज करणारा एक जण मला भेटलाय, म्हणून हे लिहिलं.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ९ मध्ये लिहिलंय की हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही दिवसांची कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं बंदूक घेता येत नाही, बाळगता येत नाही. इथे दोन वर्षांची मेहेरबानी नाही, पंधरा दिवसांची कैदही पुरे. आणि 'शिक्षा संपल्यापासून' म्हणजे माझ्या बाबतीत १९ मार्च की ८ जुलै? मी वाद घातला नाही. उशिराची धरली, आणि अर्जात दोन्ही लिहिल्या. साडेतीन महिन्यांसाठी अर्ज बाद करून घेण्यात काय शहाणपण?

त्याच कलमात चॅप्टर केसचंही आहे. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून दिलं असेल तर त्याची मुदत असेपर्यंत हत्यार बंद. गणपती-निवडणुकीच्या तोंडावर तहसीलला बोलावून सही घेतात, लोक विसरून जातात. तुमच्यावर असं चालू बंधपत्र आहे का, हे ठाण्यातून आधी काढा.

ह्या पाच वर्षांत कुणाचीच बंदूक हातात घेऊ नका. राखणीला म्हणून शेजाऱ्याची घेऊन माळ्यावर बसणं, पाहुण्याची गाडीत ठेवून घेणं, काही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या गुन्ह्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. म्हणजे वरचे सगळे हिशेब पहिल्यापासून.

जमा केलेल्या बंदुकीचं काय? मी इथे चुकलो. मला वाटलं ठाण्यात आहे म्हणजे सुरक्षित आहे. कायदा सांगतो की ठरलेल्या मुदतीत तुम्ही ती परवानाधारक माणसाला किंवा विक्रेत्याला विकू शकता आणि पैसे तुमचे. मुदत गेली की जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. माझी तशीच गेली. वडिलांनी खोबरेल लावून जपलेली नळी होती. तुमची जमा असेल तर आजच लेखी अर्ज द्या, विकतो म्हणून किंवा वारसाकडे द्यायची म्हणून. परवाना चालू आणि स्वच्छ असताना मालकाचं वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली असेल तर हयातीतच वारसाच्या नावे करता येते. वारसाला स्वतःचा परवाना लागतोच, पण बापाची शिक्षा हा मुलाचा दोष धरला जात नाही. आमच्या वडिलांनी हे भांडणाच्या आधी धाकट्याच्या नावे केलं असतं तर, असं बायको अजून म्हणते.

अर्ज कुठे करायचा? शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्त, आमच्यासारखे ग्रामीण असाल तर जिल्हादंडाधिकारी म्हणजे कलेक्टर. अर्ज ऑनलाईन भरतात, मग छापील प्रत कागदांसह टेबलावर. ओळख, पत्ता, सातबारा, डॉक्टरांचा तब्येतीचा आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखला, बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवणार त्याचं हमीपत्र, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. आता परवाना पाच वर्षांसाठी असतो. पीक संरक्षणाला कायदा मुळात ठासणीची बंदूक धरतो. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच गुळगुळीत नळीची. कारण लिहिताना "संरक्षणासाठी" एवढंच लिहू नका. गट नंबर, पीक, कुठलं जनावर, किती नुकसान, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, सगळं जोडा. आणि शिक्षा स्वतःहून लिहा, निकालपत्र जोडा. माहिती दडवून घेतलेला परवाना नंतर कधीही रद्द होतो.

मी ऑगस्ट २०१८ मध्ये अर्ज केला. मग ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. जमादार गावात आले, सरपंचाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. आणि साहजिकच ज्याचं मनगट मी मोडलं त्याला विचारलं.

मला आधी त्याच्याकडे जायला हवं होतं. चौदा वर्षांत आम्ही लग्नाकार्यात समोर आलो, बोललो नव्हतो. जबाब झाल्यावर संध्याकाळी तोच आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं. म्हणाला, "हरकत नाय म्हणून सांगितलंय दादा. पण मला आधी विचारायला पाह्यजे होतं तुम्ही. पोलिसाकडून कळावं व्हय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, तो डाव्या हाताने चटणी घेत होता. तर ही सूचना कुठल्याच नियमात नाही, माझी आहे: ज्याच्यावर हात टाकला त्याच्याकडे अर्जाच्या आधी जा. हरकत घेतली तर तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्हाला ते निदान आधी कळेल.

पोलिसांचा अहवाल चांगला गेला. तरी परवाना आला नाही, आणि ज्यामुळे अडला ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमचं गाव नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. माझा जुना परवाना रद्द झालेला, त्यामुळे माझा अर्ज नवा ठरला. चालू असता तर फक्त नोंदणीचा प्रश्न होता. शिक्षा नडली नाही, काळवीट नडलं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा ह्या पट्ट्यातल्या लोकांनी आपलं शेत हद्दीपासून किती लांब आहे ते आधी बघावं, मग डॉक्टरचा दाखला काढायला धावावं. आणि परवाना मिळाला म्हणून काळविटावर चालवता येते असं समजू नका. त्याची सजाही सोपी नसते.

तोंडी नकार घेऊ नका. शस्त्र कायद्याच्या कलम १४ नुसार नाकारण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर मागितल्यावर तुम्हाला द्यावी लागतात. मागा. कारण हातात आल्याशिवाय अपिलात काय लिहिणार? माझं पत्र आलं ते अडीच ओळींचं होतं, पण कारण स्पष्ट होतं. अपिलाला तीस दिवस असतात, पत्र हातात पडल्यापासून. पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच पुरावा.

मी पाकिटावर तारीख लिहिली, भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिसाव्या दिवसाला गोल केला. मुलगा म्हणाला, अपील करू, नाहीतर माझ्या नावाने नवा अर्ज टाकू. चुलतभाऊ म्हणाला, दोघांच्या शेताला मिळून सौरकुंपण घातलं तर खर्च निम्मा येतो, आणि मधल्या बांधावर तार लागणारच नाही. पत्र हिरव्या फाईलमध्ये लावलं. तिसावा दिवस आला तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडची ज्वारी काढत होतो.